झाळलेली चाकं

बाबा, तुमची मोटार झाली. वीतभरच आहे, पण इंजिन तसंच उघडं ठेवलंय. पोरांनी मोडून टाकलेल्या जत्रेतल्या पत्र्याच्या मोटारी धाड गावच्या बाजारातून गोळा केल्या. अंग एका जीपचं, इंजिन एका ट्रकचं, दिवे गजराच्या घड्याळाच्या चकत्यांचे. तुम्हीही असंच केलं होतं. बिनइंजिनाची जुनी मोटार दारात उभी होती. नांदुऱ्याहून मोडक्या लॉरीचं इंजिन बैलगाडीत घालून आणलंत आणि ते मावेना म्हणून बॉनेटच काढून टाकलंत. शेजारचे काका ओट्यावरून ओरडतात, "गाढवाले हत्तीचं काळीज बसवलं बे तुनं!" तुम्ही काळ्या हातानं कपाळ पुसत हसता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला माय मोटारीला हळद-कुंकू लावते, झेंडूची माळ घालते, चाकाखाली लिंबू ठेवते. "आज नाही नेत," तुम्ही म्हणता. "ब्रेक जुनेच हायेत. या इंजिनाले पुरत नाहीत."

"पूजा झालेली गाडी जागची हालली नाही तं अपशकुन होते. वेशीपर्यंत तरी नेऊन आना जी."

तिच्या समाधानासाठी तुम्ही बसलात. लिंबू चिरडलं. वेशीपुढच्या उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. नाल्यातल्या दगडांतून तुम्हाला उचलून आणलं तेव्हा झेंडूच्या पाकळ्या तुमच्या केसांत अडकलेल्या होत्या.

त्यानंतर मायनं नवमीला फक्त विळा पुजला. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. आता मी पन्नाशीला आलो, आणि तिला दिसत नाही. यंदा म्हणाली, "नवमीले तुह्या बापाची गाडी मांड पाटावर."

"काऊन माय, आता?"

"मले तिच्यापाशी एक बोलाचं राह्यलं हाये."

काल मांडली. तिनं बोटांनी चाचपली. उघड्या इंजिनावर बोटं थांबली. मग तिनं हळूच ढकलून पाहिलं. "चाकं फिरत नाहीत काय रे?"

"कथलानं झाळून पक्की केली माय. आता ती कोठी जात नाही."

"कोठीच नाही?"

"कोठीच नाही."

तिनं पदर सारखा केला. तुमच्यापुढे करायची तसा. इंजिनावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आज नोका नेऊ जी. ब्रेक बदलाचे बाकी हायेत." मग बराच वेळ तिनं हात उचलला नाही. मी समईत तेल घालत राहिलो. ती भरलेलीच होती.

हा कागद टाकायचा तरी कुठं? सकाळी देवापुढे बसलो की तुमचं नाव घेतो, जे पोचत असेल ते तेवढंच. घडी करून पाटाखाली ठेवतोय. एक मात्र मायला सांगितलं नाही. चाकं झाळण्याआधी मी ती मोटार अंगणात एकदा सोडून पाहिली.

फार छान पळाली, बाबा.