सहा माश्या आणि पायाचा अंगठा

कासलबार, आयर्लंड
३० मे २००४

ती. पद्मिनीताईस,

धाकट्या चंद्रहासचा नमस्कार. (वाकून केलाय, कंबर जेवढी वाकते तेवढा.) तुझी बोटं आता कशी आहेत? सकाळी आखडतात, गजरा होत नाही, असं मागच्या पत्रात एका ओळीत लिहिलंस आणि पुढची दोन पानं शेजारच्यांच्या फणसावर खर्च केलीस. त्यावरून मी समजायचं ते समजलो. भाऊजींचा खोकला थांबला का? इथे सगळे खुशाल. आशिष आणि सूनबाई भार्गवी सकाळी आठला कामावर जातात, मग घरात मी आणि हीटर. पत्राला महिनाभर उशीर झाला, कारण माझ्या उजव्या अंगठ्यात माशाचा गळ रुतला होता. घाबरू नकोस, सगळं सांगतो.

आमच्या शेजारी मायकेल-जो राहतात (दोन नावं, माणूस एकच). निवृत्त पोस्टमन, वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. जवळच कॅरा नावाचं तळं आहे, त्यात ट्राउट नावाचा ठिपक्यांचा मासा असतो. मे महिन्यात पाण्यावर एक नाजूक माशी उडते आणि ती खायला हा मासा वर येतो. म्हणून इथले लोक गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून हुबेहूब तसली खोटी माशी बनवतात. मायकेल-जोंनी चाळीस वर्षं स्वतःच्या माश्या स्वतः बांधल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात कापायला लागले, तेव्हापासून त्यांची होडी अंगणात पालथी पडली आहे. तयार माश्या दुकानात मिळतात, पण मी तसं सुचवल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गौरीच्या नैवेद्याला बाजारची पुरणपोळी आण म्हटल्यावर तू पाहशील. रोज ते खिडकीतून होडीकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे. ताई, मला ते बघवेना. एक दिवस बोलून गेलो, की तोंड तुमचं, हात माझे; तुम्ही सांगा, मी बांधतो. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, सहा चांगल्या माश्या बांध, होडी सरळ करतो. माझं परतीचं तिकीट चार जूनचं आणि त्या माशीचा मोसमही साधारण तेव्हाच संपतो. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे.

तू म्हणशील, जन्मात अंड्याला हात न लावलेल्या माणसाने हे काय आरंभलं. पण मी पहिल्याच दिवशी अट घातली, की मासा लागला तर जिवंत परत सोडायचा (तुझ्या भावजयीने, लताने, विमानतळावर घातलेली शपथ मी विसरलेलो नाही). चाळीस वर्षं लोण्यात परतलेला ट्राउट खाणाऱ्या त्या माणसाने तोंड फिरवलं आणि भिंतीला "ग्रँड" म्हटलं. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालवून घेऊ.

माझ्या हातांबद्दल तुला वेगळं सांगायला नको. मांडीवर घेऊन बटण शिवताना शर्ट पायजम्यालाच शिवणारा तो मीच. इथे गळ एका बारक्या व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावलेल्या चिमट्यात, पकडायचा, त्यावर दोरा गुंडाळायचा आणि मग कोंबड्याच्या मानेचं पीस. (हो, कोंबड्याचंच. ते मी वेगळ्या डब्यात, वेगळ्या प्रेसमध्ये ठेवतो. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. डाळ प्रेसमध्ये आहे असं भार्गवीने सांगितलं तेव्हा मी इस्त्री उचलून पाहिली होती.) पहिली माशी मायकेल-जोंनी डोळ्यांपाशी नेली आणि हळूच विचारलं, हा पक्षी आहे का. दुसरी सोफ्यात हरवली, ती आशिषला बसल्या बसल्या सापडली. तिसरी माझ्या अंगठ्यात गेली. भार्गवीने स्वयंपाकघरातच गळ काढला, पट्टी बांधली आणि डॉक्टरी आवाजात बजावलं, बाबा, आता पुरे. दुसऱ्या दिवशी ती आठला बाहेर पडली, आठ वाजून पाच मिनिटांनी मी पट्टीसकट परत बसलो. सहा म्हणजे सहा. पण शेवटची गाठ मला काही जमेना. दोरा सोडला की सगळी माशी डोळ्यांदेखत उलगडायची. पंधरा मेपर्यंत एक्केचाळीस बांधल्या, एक्केचाळीस सुटल्या. मायकेल-जो आता सूचना देता देता गप्प व्हायला लागले होते आणि मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली.

आणि मग ताई, एका दुपारी मला आपली सावंतवाडीची पडवी आठवली. तू पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसायचीस. अबोलीची दोन फुलं, बोटावर फास, फुलांवरून सरकवला की ओढला. गाठ म्हणून नाहीच. मला फक्त फुलं हातात द्यायचं काम, कारण माझी बोटं म्हणजे काकड्या असं तू जाहीर केलं होतंस. पण माझे डोळे तिथेच असायचे. मी मोजा काढला, अंगठ्याला दोरा बांधला आणि गालिच्यावर फतकल मारून फास टाकायला लागलो. मागच्या दाराने मायकेल-जो आले, माझा पाय पाहिला आणि त्यांनी येशूचं नाव घेतलं (भक्तीने नव्हे). मग मी तोच फास व्हाइसमधल्या माशीच्या डोक्याशी टाकून दाखवला. त्यांनी मला तो चारदा करायला लावला आणि विचारलं, हे कोणी शिकवलं. म्हटलं, थोरल्या बहिणीने, फुलांवर. बेचाळिसावी माशी मी दातांनी ओढली तरी सुटली नाही.

परवा शुक्रवारी सहा माश्या घेऊन आम्ही तळ्यावर गेलो. आशिष वल्ही मारत होता, मी दोन स्वेटर आणि रेनकोट घालून मधे बसलो होतो. लांबलचक काठीचा दोर वाऱ्यावर सोडायचा आणि माशी पाण्याला नुसती टेकवायची. दोन तास काही नाही. चार माश्या भिजून लोळागोळा झाल्या. पाचवी लावली आणि माझ्या लक्षात आलं, की मायकेल-जोंचा हात कापतोय म्हणून माशी पाण्यावर नाचतेय, अगदी जिवंत असल्यासारखी. तेवढ्यात पाणी फुटलं आणि काठी वाकली. मासा होडीशी आला. मग मायकेल-जोंनी माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक मोठा उसासा टाकला आणि त्याला सोडून दिलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. वारा फार होता असं आम्ही ठरवलं. काठावर पोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, उद्या?

सोबत ती माशी पाठवतोय, गळाचं टोक तोडून. भाऊजींना दाखव आणि माझ्या बोटांना काकड्या म्हटल्याचे शब्द मागे घे.

तुझा
चंद्रहास

ता. क. चार जूनचं तिकीट मी दहा जुलैवर ढकललं आहे (मेची माशी संपली तरी ट्राउट दुसऱ्या माश्यांवर येतो म्हणे). लताला अजून सांगितलेलं नाही. पुण्याला फोन करून तू सांग. ती तुझ्यावर ओरडणार नाही. (पत्र लिहायला बसलो तो यासाठीच.)

ता. क. २. लताने आशिषच्या देवघरासाठी दिलेल्या मोरपिसाची आता काडीच उरली आहे. माशीच्या पोटाला मोरपिसाचे तंतू लागतात. हे मात्र सांगू नकोस. बाळकृष्णाची काही तक्रार नाही.

ता. क. ३. लपवून काय करू, सोबतची माशी दुकानातली आहे. मासा लागला ती माझी माशी त्याच्या तोंडात पार उसवली. पिसं गेली, पोट गेलं, डोक्याशी तुझा फास तेवढा राहिला. तो गळ मायकेल-जोंनी टोपीला लावलाय आणि ते देत नाहीत.

ता. क. ४. जुलैत आधी सावंतवाडीला येतो. अबोली आणि दोरा काढून ठेव. तोंड तुझं, हात माझे. पायाचा अंगठाही माझाच.