तुझ्या नावानं दिलेला होकार

बेलवली, बदलापूर
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. बाळ,

तुला आणि सूनबाईला आशीर्वाद. आम्ही आजी-नात बऱ्या आहोत. मस्कतला ऊन फार म्हणतात, डोकं झाकत जा.

काल पहिली आली ती शेजारची बनूबाई. जिन्यातूनच ओरडली, "गोजरबाई, पोहे भिजवा! किर्तीला बघायला आलेत!" खाली एक बाई, एक बाप्या नि एक पोरगी आपलं घर विचारत होती, बाप्याच्या हातात मिठाईचा पुडा. झालं. बनूबाईनं मनात मांडवच घातला. बाप्या सासरा, बाई सासू, पोरगी नणंद. मी पण येडी, भिजवले की पोहे. किर्तीला म्हटलं, चांगला ड्रेस घाल गं. ती बाहेर आली आणि पांढरी पडली. "मॅडम, तुम्ही?"

सासू कसली रे, तिच्या कॉलेजातली फिजिक्सची मॅडम! अंबरनाथला राहते. बाप्या म्हणजे तिचे मिस्टर, गाडी चालवायला आलेले. पोरगी यशोधरा, किर्तीच्या एम.एस्सी.च्या वर्गातली. तरी बनूबाई मिस्टरांच्या कानाशी लागलीच, "पण मुलगा करतो काय?" ते म्हणाले, "सातवीत आहे." हसून हसून माझी कवळी पडायची राहिली.

हसून झालं. आता ऐक. फोनवर मी तोंड उघडलं की तू "आई, आवाज कटतोय" म्हणून ठेवतोस. म्हणून कागद घेतलाय. माझं चौथीचं अक्षर, लागेल तसं लावून वाच. बनूबाईची सून फोटो काढून पाठवणार आहे.

मॅडम पोहे खाता खाता म्हणाल्या, "आजी, किर्तीनं बायोफिजिक्समधून नाव का काढलं?" मला काय ठाऊक? पोरगी नीट जेवत नाही, मी आपली ओवा चारतेय! किर्ती खाली बघून म्हणाली, "बाबा बोलले, इलेक्ट्रॉनिक्स घे."

आणि बाबाला कोण बोललं? सुजित! माझ्याच लेकीचा मुलगा, म्हणून मला त्याचा कान धरायचा हक्क आहे. "मामा, त्याला स्कोप नाय. ना डॉक्टर, ना इंजिनीयर, अधलंमधलं." अरे, दाराचा उंबरापण अधलामधलाच असतो, उखडून टाकतोस का तो?

तू एकदा तरी पोरीला विचारलंस, काय असतं गं ते? मी विचारलं होतं. म्हणाली, रक्तातली पेशी बारीक नळीतून दबून जाते आणि पलीकडे गेली की पुन्हा गोल होते. कडक झाली तर अडकते. किती दाबलं की किती दबते, ते मोजायचं. मी म्हटलं, म्हणजे पुरणपोळीची कणीक. घट्ट राहिली की पोळी फुटते. "तेच गं आजी!" म्हणून माझा गालगुच्चा घेतला. किती खूष होती! ती खुशी तू एका फोनात घालवलीस, तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

चार मुलं असली तरच तो विषय चालतो म्हणे. किर्ती गेली, उरली तीन. यशोधरा बशी बाजूला ठेवून किर्तीला म्हणाली, "मी ह्याच्यासाठीच इथे ॲडमिशन घेतली. निदान मला तरी सांगायचंस ना, यार." दोघी रडायला लागल्या. दुसऱ्याच्या लेकीलाही रडवलंस, बाळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किर्ती तेवीस वर्षांची घोडी, विषयाच्या फॉर्मवर सही तिची एकटीची चालते. तरी "बाबांना नको असेल तर नको." तिचा राग येतो मला, आणि तुझा त्याहून जास्त.

पोहे मात्र छान झाले होते. मटार घातले होते. मॅडमनी परत घेतले. मिठाईपण बरी होती, सिंधी कॅम्पातल्या हलवायाकडची, तूप जरा जास्त.

बरं, लिहितेच. मी म्हटलं, "अहो मॅडम, सकाळीच बाळचा फोन आला होता. म्हणाला, तिला हवं ते घेऊ दे. मीच मेली सांगायला विसरले."

धडधडीत खोटं. समोर देव्हारा.

किर्तीनं वर बघितलं. "खरंच? बाबा असं बोलले?" बाळ, तो चेहरा तू बघायला हवा होतास. दोन बश्या पोहे खाल्ले, यशोधराच्या पाठीत धपका घातला. लगेच तुला फोन लावत होती. मी म्हटलं, बाबा ड्युटीवर असेल, तोच करेल. तेव्हापासून फोन उशाशी घेऊन बसलीय.

मी माफी मागायची नाही. मला खोटी पाडायची तर पाड. पण मग तूच, तुझ्या तोंडानं, तिला सांग की मी असं बोललोच नव्हतो. सुजितकरवी निरोप चालणार नाही. आणि आवाज कटतोय हेही चालणार नाही.

तुझ्या नावानं खोटं बोललेली,
तुझी आई

ता.क. फॉर्मवर किर्तीची सही घ्यायला मॅडम नि यशोधरा शनिवारी परत येतो म्हणाल्यात.