कोरडी पिशवी

अण्णा, तुम्ही पुरलेला एक तुकडा आज आम्ही वर काढला आणि तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. चितेगावच्या अलीकडं पाण्याची जुनी लाईन फुटली. पाइपाला बोट जाईल एवढी भोकं पडली आहेत. पाइप गंजू नये म्हणून त्याला तारेनं जोडून शेजारी मॅग्नेशियमचा तुकडा पुरतात. गंज आधी त्याला खातो आणि पाइप वाचतो, हे मी कॉलेजच्या आधी तुमच्याकडून शिकले. इतक्या वर्षांत त्याची झिजून काडी व्हायला हवी होती. तो तर कालच दुकानातून आणल्यासारखा निघाला. त्याच्याभोवती ओल धरायला बांधलेल्या कापडी पिशवीतली पूड कोरडी ठणठणीत, आणि तोंडाला सुतळीची गाठ, तुमचीच.

तुकडा किती किलोचा घ्यायचा, हे तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलं. आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही फरशीवर खडूनं गणित मांडायचात: पाइप किती लांब, माती किती ओली, किती वर्षं टिकवायचा. एकदा मी ऐटीत म्हटलं, शंका असली की मोठा तुकडा घालायचा, झालं. तुम्ही खडू खाली ठेवला. "वजन वाढवून काय व्हतंय? पिशवी भिजली नाय तर आतला धातू नुसता पडून ऱ्हातो. आधी ड्रमभर पाणी पाजायचं, मंग माती लोटायची." पोरीवर कशाला डाफरता, असं आई म्हणाली. तुम्ही डाफरत नव्हता. तुमचा प्रेमाचा आवाजही तसाच होता.

ही लाईन तुमच्या कंपनीनं टाकली तेव्हा दुष्काळ होता. सुट्टीत तुम्ही मला एकदा कामावर नेलंत. खड्ड्यांसाठी आलेल्या टँकरपाशी बायका हंडे घेऊन उभ्या आहेत. मेंढरं विकून खोदकामाला आलेली एक म्हातारी तुम्हाला म्हणते, "सायब, मातीला पाजता, आन् आमाला नाय?" तुम्ही मला लिंबाखाली डबा खायला पाठवता. पुढं काय झालं ते मी पाहिलंच नाही.

आज माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, हा तुकडा कुणी पुरला होता? उद्या सांगते म्हटलं. सांगू तरी काय? तुम्ही ते पाणी त्या बायकांना दिलंत, असं मनात येतं आणि ऊर भरून येतो. पण त्याच पाइपापायी आज एका आख्ख्या वस्तीचे नळ बंद आहेत आणि तिथंही बायका हंडे घेऊन उभ्या आहेत, हे आठवलं की तुमचा रागही येतो. नंतरच्या पावसानं तरी पिशवी भिजायला हवी होती. पण त्या बाजूला गोदामं झाली, वर काँक्रीट पडलं. नाल्याची ओल मुरली ती नेमकी पाइपाच्या अंगानं. मग दोष तुमचा, का गोदामवाल्यांचा? माझाच गुंता माझ्याच्यानं सुटत नाही. बायकांना पाणी दिलं, असंच सांगावं म्हणते. ऐकायला तेच बरं वाटतं.

तरी एक गोष्ट साहेबांना सांगणार नाही, आणि हे पत्र ज्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही त्या तुम्हालाच सांगते. त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी कंपनीच्या जीपमधून तुम्ही पाण्यानं भरलेला ड्रम घरी आणलात. कुठून आणला, हे आईनं विचारलं नाही. कित्येक दिवसांनी तिनं शिकेकाई लावून माझे केस धुतले, वर आणखी दोन तांबे नुसतेच ओतले. मला फार सुख वाटलं होतं, अण्णा. अजूनही वाटतं.