रजा संपल्यावर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्याहून म्हातारा झालोय. तरी विचारावंसं तुलाच वाटतं. नातीला आठवा महिना लागलाय, आणि पुढं दिवसभर बाळाला कोण सांभाळणार या काळजीनं मला घास गोड लागत नाही.

डोळे मिटले की लासूर स्टेशनची शाळा दिसते. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, मराठी शाळा वाढल्या, तुला मास्तरणीची नोकरी लागली. धाकटी झाली, तुझी रजा संपली, आणि तू तिला घेऊनच वर्गात आलीस. वर्गाच्या तुळईला तुझ्या लुगड्याची झोळी, दोरी माझ्या हातात. पोर उठू नये म्हणून तू आमच्याकडून सगळ्या कविता हळू, हेलकावा देत म्हणवून घ्यायचीस. तलवारी, घोडे, रणशिंगं, सगळं अंगाईच्या चालीत. एकदा शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला येतात, कपाळाला आठ्या घालून ऐकतात. "बाई, ही कसली वीरश्री? पोरं पेंगायला लागली की." तू पदर सावरून म्हणतेस, "साहेब, रजा संपली. दूध नाय संपलं." बाहेर पडताना ते बूट हातात घेऊन गेले. मी अजून कुठलीही कविता त्याच चालीत म्हणतो. नात म्हणते, आजोबा, तुमचे मावळे झोपेतच लढतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इथं बजाजनगरला आलीय. पण माहेरात आहे कोण? मुलगा आणि सून सकाळीच कंपनीच्या बसनं जातात. दिवसभराचं माहेर म्हणजे मी एकटा. नात इथल्याच एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. कायद्यानं सहा महिन्यांची पगारी रजा मिळते, पण ठेकेदार तिला म्हणाला, "घे ना ताई, हक्कच हाय तुझा. फक्त परत आल्यावर जागा राहील का, ते मला विचारू नको." म्हणून ती दोनच महिन्यांत कामावर जायचं म्हणते. तिच्या नवऱ्याला विचारलं, तर तो हसला. "आजोबा, सरकारी नोकरीत बापाला पंधरा दिवस तरी देतात. आमचा सुपरवायझर म्हणतो, बाळंत तू होणार का तुझी बायको?"

पेपरात अशा रजेची चर्चा आली की मी दोनदोनदा वाचतो. आईला मिळावी तशी बापालाही मिळावी, ठेकेदाराकडच्यांनाही मिळावी, आणि त्या दिवसांचा पगार सरकारनं भरावा. मग पोटुशी पोरगी बघून मालकाचं तोंड वाकडं व्हायचं नाही. एवढं साधं आहे. पण कायदा बदलेपर्यंत बाळ थोडंच थांबणार आहे?

काल नातीनं विचारलं, "आजोबा, सांभाळाल ना? मग मला घोर नाय." मी व्हय म्हणालो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील गादीखाली. म्हणून तुला खरं सांगतो. दुपारी तिचा डोळा लागला की मी काठी कोपऱ्यात ठेवून ज्वारीची लहान पिशवी छातीशी धरून या खोलीतून त्या खोलीत फिरतो, हाताला सवय व्हावी म्हणून. आज उंबऱ्यापाशी पिशवी निसटली. आतून तिनं विचारलं, "काय पडलं हो, आजोबा?"

मी म्हणालो, "काय नाय, काठी."