सर्व्हर आणि सहा दहाचा खटका

चि. भावजी,

वहिनीचे आशीर्वाद. पाठीला लावायचं मलम जितक्या नेमानं लावत असाल (म्हणजे लावत नसालच), त्याहून जरा जास्त नेमानं ते घ्यावेत. जाऊबाईंच्या शिंका थांबल्या का? इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या दादांची एक दाढ काढली. (त्या दाढेचा या पत्राच्या विषयाशी संबंध आहे, तेव्हा घाई करू नका.) आप्पांची प्रकृती उत्तम. एक्क्याऐंशीव्या वर्षी दोन वेळा जेवतात आणि चार वेळा नावं ठेवतात. "आप्पा आमच्याकडे राहायला कधी येणार?" हा तुमचा दर वेळचा प्रश्न मी त्यांच्या कानावर घातला. "मग खटका कोण ओढणार?" हे त्यांचं दर वेळचं उत्तर तुमच्या कानावर घालते.

आता तुमचा मेसेज. "सर्व्हरवर शेवटी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकली?" एका ओळीचा प्रश्न, भावजी, पण त्यापायी या घरात दोन महिने काय काय झालं ते एका ओळीत मावणारं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण आप्पांना कमी ऐकू येतं ते फक्त त्यांच्याशी बोललेलं. त्यांच्याविषयी बोललेलं त्यांना तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं. म्हणून हे हातानं लिहिलेलं पत्र.

सुरुवात मिस्त्रींपासून झाली. आपल्या कारखान्यात कोणाचं खोकं किती लांब, किती रुंद, पुठ्ठा किती पदरी, घडी कुठे, हे सगळं आजवर मिस्त्रींच्या डोक्यात होतं. ते डोकं येत्या वर्षात मुलीकडे राहायला जाणार म्हटल्यावर तुमच्या दादांना दरदरून घाम फुटला. तेव्हा तुम्हीच सुचवलंत की सगळी मापं एका सर्व्हरवर ठेवा, ऑफिसातले चारही कॉम्प्युटर त्यालाच विचारतील. यंत्र आलं. कारखान्यातल्या जिन्याखालच्या खोलीत, जिथे पूर्वी खोकी चिकटवायच्या खळीचे डबे असायचे, तिथे बसलं. मग तुम्ही फोनवर पाऊण तास मला समजावून सांगितलंत की यंत्र महत्त्वाचं नाही, ते चालवणारी आतली सिस्टीम महत्त्वाची. मी पाऊण तास "हो हो" म्हटलं. (आज कबूल करते, त्यातली पस्तीस मिनिटं मी भाजी निवडत होते.) एवढंच लक्षात राहिलं की एक सिस्टीम चित्रांची असते, माऊसनं टिचक्या मारत चालवायची, आणि दुसरी काळ्या पडद्याची, तिला सगळं टाइप करून सांगावं लागतं, आणि तुमचं मत काळीला आहे.

पण तुमचे दादा कोणतीही वस्तू कशी निवडतात हे तुम्हाला माहीत आहे. गावभर विचारायचं आणि शेवटी जो भेटेल त्याचं ऐकायचं. शेवटी भेटले दाताचे डॉक्टर. दाढ काढता काढता त्यांनी चित्रांच्या सिस्टीमचे गुण सांगितले. त्यांच्या दवाखान्यात तीच आहे म्हणे. तुमच्या दादांच्या तोंडात दोन नळ्या आणि एक चिमटा. हरकत घेता आली नाही, आणि ज्याला आपण हरकत घेतली नाही ते आपल्याला पटलंय असं त्यांचं तत्त्व आहे. आली चित्रांची सिस्टीम.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. रोज सकाळी जिन्याखाली जाऊन बटण दाबून तिला उठवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. (ती आपणहून जागी का नसते, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पण या घरात सगळ्यांना सकाळी मीच उठवते, तुमच्या दादांसकट, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलं नाही.) चौथ्या दिवशी ती उठेना. पडद्यावर एक चक्र गरगर फिरत राहिलं. कॉम्प्युटरवाले आले, काहीतरी केलं, दुपारी उठली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती उठली खरी, पण आदल्या दिवशी भरलेली मापं विसरून आणि राहिलेल्यांची आपापसात अदलाबदल करून. कोणाच्या लक्षात आलं नाही. बेकरीवाल्या काकांची केकची आठशे खोकी टेबललॅम्पच्या मापानं कापली गेली, चिकटवली गेली, आणि पोचलीसुद्धा. काका आपले सर्वांत जुने गिऱ्हाईक, स्वभावानं देवमाणूस. त्यांनी आधी एक केक उभा करून आत बसतो का ते पाहिलं. मग ते खोकं आणि तो केक दोन्ही घेऊन ऑफिसात आले, माझ्या टेबलावर ठेवले, आणि अतिशय शांतपणे म्हणाले की आणखी एकदा असं झालं तर ते दुसरीकडे जातील. ओरडले असते तर बरं झालं असतं. तुमचे दादा त्या दिवशी जेवले नाहीत. (केक खाल्ला.)

तेव्हा चित्रांची सिस्टीम नालायक ठरली. सगळ्यांनी मिळून ठरवली. मग तुमची काळी आणायची म्हणून वेणी घालणारा एक तज्ज्ञ आला. वेणी आपल्या जाऊबाईंच्या वेणीपेक्षा लांब, बोलणं मात्र अगदी मोजकं. त्यानं दिवसभर बसून सिस्टीम टाकली आणि जाताना अभिमानानं सांगितलं की त्यानं एके ठिकाणी बसवलेलं असलं यंत्र सहा वर्षं एकदाही बंद न होता चालू आहे. आप्पा तिथेच खुर्चीवर होते. सहा वर्षं? आणि त्यांच्याकडे कोणी मोठं माणूस नाही का, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळे हसलो. भावजी, उत्तर तिथेच आमच्या पुढ्यात बसलं होतं आणि आम्ही त्याला हसलो.

कारण काळीनंही तेच केलं. नवव्या दिवशी सकाळी दोन तास स्वतःशीच काहीतरी तपासत बसली आणि मग मापांची अर्धी यादी हरवली म्हणून सांगती झाली. वेणीवाला आला. ही सिस्टीम म्हणे मिनिटामिनिटाची डायरी लिहिते. त्यानं ती उघडली, वाचली, आणि आम्हाला विचारलं की रोज संध्याकाळी सहा बाराला ही वाक्य अर्धवट टाकून गप्प होते, तर तुमच्याकडे सहा बाराला काय होतं?

ऑफिसात मी, तुमचे दादा आणि मिस्त्री. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनी मान खाली घातली. सहा बाराला काही होत नाही, भावजी. होतं ते सहा दहाला. सहा दहाला आप्पा मेन स्विचचा खटका ओढतात. तिथून जिन्याखालच्या खोलीपर्यंत त्यांच्या चालीनं दोन मिनिटं लागतात. तिथे सर्व्हरच्या शेजारी वीज गेल्यावर तग धरणारा बॅटरीचा डबा आहे. वीज गेली की तो टीं टीं करतो. आप्पांना वाटायचं बिचारं काहीतरी रडतंय. ते त्याचं बटण गप्प होईपर्यंत दाबून धरायचे. आणि हे आम्हाला ठाऊक कसं नव्हतं म्हणाल, तर ठाऊक होतं. पण सूर्य मावळतो हे कोणी कारणांमध्ये धरत नाही, तसा आम्ही तो खटका धरलाच नव्हता.

कारखान्याला आग लागली तेव्हा तुम्ही तिसरीत असाल. खळीची विजेची शेगडी चालू राहिली, वाळवणीची खोली जळून गेली, आणि आप्पा रस्त्यावर नुसत्या बनियनवर मापांची वही छातीशी धरून उभे होते, हे तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा या घरात नव्हते, पण लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट मला तिघांनी वेगवेगळी सांगितली. त्या दिवसापासून एक संध्याकाळ त्यांनी चुकवलेली नाही. कटिंग दादांना दिलं, ऑफिस मला दिलं, गिऱ्हाइकं दिली, किल्ल्यासुद्धा दिल्या. खटका मात्र ठेवला. सहाला भोंगा झाला की दारात उभं राहून बाहेर पडणारं एकेक माणूस मोजायचं, मग आत सगळ्या खोल्यांतून फिरायचं, यंत्रांच्या मोटारींवर हात ठेवून गार आहेत ना बघायचं, आणि मग खटका. तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलंय. ते काढून घ्यावं तर आप्पांकडे उरणार काय? आणि न काढावं तर बेकरीवाले काका जाणार.

आप्पांना सांगणार कोण? तुमच्या दादांनी मिस्त्रींकडे बोट दाखवलं, मिस्त्रींनी माझ्याकडे, मी वेणीवाल्याकडे. वेणीवाला म्हणाला हे त्याच्या कामात बसत नाही. मग तुमच्या दादांनी आपल्या स्वभावाला साजेसं केलं. वायरमनला बोलावून सर्व्हरला चोरून वेगळी लाइन दिली, खटका ओढला तरी न जाणारी. संध्याकाळी आप्पांनी खटका ओढला, सगळीकडे अंधार झाला, आम्ही घरी आलो आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो. साडेसात झाले तरी आप्पांचा पत्ता नाही. दादा धावत गेले, मागून मी. आप्पा जिन्याखाली एका उलट्या खोक्यावर बसले होते, पाण्याची बादली शेजारी घेऊन. समोर सर्व्हरचा हिरवा दिवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खटका ओढल्यावर आत काहीतरी जागं राहिलं होतं, आणि ते जागं असताना घरी कसं यायचं हे त्यांना कळत नव्हतं. तुमच्या दादांनी बादली उचलली आणि तोंड फिरवलं. ते रडत होते हे मी तुम्हाला सांगितलं असं त्यांना सांगू नका.

दुसऱ्या दिवशी मीच बसले आप्पांजवळ आणि सगळं सांगितलं. केक, लॅम्प, डायरी, सहा बारा, चोरटी लाइन, काही लपवलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हटलं आता रागावतील. ते म्हणाले, "सूनबाई, आत माणूस असताना मी कधी खटका ओढला नाही. हे आत काम करत असतं, हे मला कोणी सांगितलंच नाही."

बस. एवढंच. दोन महिने आम्ही सिस्टीमला दोष देत होतो, आणि एक वाक्य बोलायला कोणी तयार नव्हतं.

त्यापुढची निवड आप्पांनी केली. त्यांना एकच पाहायचं होतं, की काम संपव म्हटल्यावर कोणती सिस्टीम नीट बाहेर पडते. चित्रांची पुन्हा मागवली. तिला बंद हो म्हटलं तर ती म्हणाली थांबा, माझं अजून चाललंय, मला बंद करू नका. आणि पंचवीस मिनिटं तेच म्हणत राहिली. आप्पा म्हणाले, ही सहाच्या भोंग्याला हातपाय धुवायला जाणाऱ्यांतली आहे. मग काळी. वेणीवाल्यानं तिला एक शब्द टाइप करून दिला, आणि पडद्यावर भराभरा ओळी उतरल्या: हे थांबलं, ठीक, ते थांबलं, ठीक, अमुक बंद, ठीक. शेवटी पडदा विझला. आप्पांनी भिंग मागितलं आणि पुन्हा दाखव म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी ओळी मोजल्या, दारात माणसं मोजतात तशा, ओठ हलवत. मग म्हणाले हीच ठेवा. तेव्हा हो, तुमचीच काळी बसली, पण हुरळून जाऊ नका. तुम्ही पाऊण तास सांगितलेल्या गुणांपैकी एकही विचारात घेतला गेला नाही.

तो शब्द मी पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून जिन्याखाली लावलाय. आप्पा सहा पाचला येतात, एका बोटानं टाइप करतात, ओळी मोजतात, दिवा गेला की खटका ओढतात. पाच आठवडे झाले, एक माप हललं नाही. बेकरीवाल्या काकांनी आज नवी ऑर्डर दिली आणि जाताना म्हणाले, केक आडवाच ठेवा.

बाकी क्षेम. पाठ सांभाळा, आणि जाऊबाईंनाही आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. सर्व्हर कधीही बंद करायचा नसतो, हे तुमचं आवडतं वाक्य रविवारच्या फोनवर आप्पांना ऐकवू नये. मला ठाऊक आहे. वेणीवाल्यालाही ठाऊक आहे. तो गप्प बसलाय, तुम्हीही बसा.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगते. काल आप्पांनी मला शेजारी उभं करून ओळी मोजायला लावल्या, आणि मग माझा हात धरून खटक्यावर ठेवला. घरी येताना म्हणाले, धाकट्याकडे आठ दिवस जाऊन यावं म्हणतो. शनिवारी निघतायत. अट एकच आहे: रोज शेवटच्या ओळींचा फोटो मी सहा दहाच्या आत तुमच्या फोनवर पाठवायचा आणि तुम्ही तो मोठा करून त्यांना दाखवायचा. त्याशिवाय ते जेवायला बसणार नाहीत. फोन चार्ज ठेवत जा.

ता. क. ३. तुम्ही घरी बसून काम करता हे मी त्यांना सांगितलंय. आल्या आल्या त्यांनी तुमच्या घराचा मेन स्विच कुठे आहे असं विचारलं तर दाखवून टाका, आणि ते आठ दिवस सहा दहाच्या आत आपलं काम सेव्ह करत जा.