पेट्रोलची दुसरी नळी

गोंदिया
दि. १७ ऑगस्ट २०२५

प्रिय जवाईबापू धर्मेंद्र यांस,

खुशाल मिस्त्रीचा आशीर्वाद.

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग बाकीचं. तुमचा डावा खांदा कसा आहे? हात डोक्यापर्यंत जातो, का अजून मधातच अडकून राहिला? दुर्गच्या त्या टायरच्या दुकानात जड चाकं उचलू नका, जॅक कायले असते? तुमच्या आई देवकाबाईंचे गुडघे पावसानं धरले होते. तिरोड्याला गेलो तेव्हा मोहाच्या बियांचं तेल नेऊन दिलं, उतार आहे म्हणतात. मंजूचा समोरचा दात हलून राहिला आहे. तिरोड्याला आजीजवळ तुमची पोरगी चांगली रमली. मला पाहिलं की नमस्काराच्या आधी माझा खिसा चाचपते. तुमच्या सासूची साखर वाढली आणि बोलणं घटलं.

माझं म्हणाल तर बरं आहे. खातो, झोपतो, सकाळी गॅरेजचं शटर वर करतो. लोक म्हणतात, मिस्त्री, तुम्ही चांगले सावरले. सावरलो कुठला बाप्पा! मांडी घालून बसलं की पाय झोपतो, मग टाचणी टोचा की चिमटा घ्या, काही कळत नाही. तसं सगळं अंगच झोपलं आहे. परवा तापलेल्या सायलेन्सरला हात लागला. कातडी सोलली ती मी मग पाहिली.

धानाची रोवणी आटोपली. पाऊस बरा आहे. चहावाला शालीकराम तुमची आठवण काढतो.

फोन तुम्ही उचलत नाही, त्याचा मला राग नाही. उचलला असता तर मी पाऊसपाण्याचंच बोललो असतो आणि ठेवून दिला असता. कागदावर पळता येत नाही, म्हणून कागद घेतला.

देवकाबाई सांगत होत्या, चार सप्टेंबरला कोर्टाची तारीख आहे आणि तुम्ही वकिलाला सांगून ठेवलं की मी गुन्हा कबूल करून टाकतो, माझी बायको माझ्याच हातानं गेली. जवाईबापू, कबूल करू नका. माझी पोर तुमच्या हातानं गेली नाही. एवढी एक ओळ लिहायला मला पाच महिने लागले.

आता नीट सांगतो, तुम्हाला माहीत आहे तेही सांगतो, कारण हे पत्र तुम्ही वकिलालाही दाखवाल. दाखवाच.

तुम्ही नागपूरच्या भंगार बाजारातून ती नायट्रस गॅसची निळी बाटली आणली, तो दिवस मला आठवतो. गाडी माझीच, लग्नानंतर तुम्हाला दिलेली पांढरी. तीन लाख दहा हजार किलोमीटर पळालेली, रिंगा झिजलेल्या, तेल पिणारी. चढावर ट्रकच्या मागे लागली की दम टाकायची, म्हणून तुम्ही मोबाइलवर पाहून हा उपाय शोधला. बटण दाबलं की घडीभर गाडी उडते. शालीकरामनं बाटली पाहिली आणि म्हणाला, "का खुशालभाऊ, म्हातारीले जवानीचं इंजेक्शन देऊन राहिला का?" सगळे हसले, मी सगळ्यात जास्त हसलो. म्हाताऱ्या बैलाला दारू पाजून कोणी शंकरपटाच्या शर्यतीत उतरवत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. पण हौस तुमच्याहून मला जास्त होती. अडुसष्टाव्या वर्षी हाताला नवीन काम मिळालं होतं.

खोक्यात इंग्रजी कागद होता. तुम्ही म्हणाले, "मामाजी, वाचून दाखवू का?" मी काय म्हणालो ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी म्हणालो, "तीस वर्षं झाले गॅस किट बसवून राहिलो, आता तुम्ही मले शिकवता का?" तुम्ही गुमान कागद घडी करून ठेवला. जावई असून माझ्यासमोर तुम्ही कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला असता तर बरं झालं असतं.

गाडीला सिलिंडरची गॅस बसवताना आमचा एकच नियम. गॅस आली की पेट्रोल बंद. दोन्ही सोबत गेले तर इंजिन गुदमरते. पोटासाठी शिकलेली ही एकच विद्या, शेकडो गाड्यांवर केली. नायट्रसच्या किटमधून दोन नळ्या निघाल्या, एक बाटलीची, एक पेट्रोलची, आणि नळ्यांच्या तोंडात बसवायचे दोन बारीक पितळी जेट. मी मनात म्हटलं, गॅस देऊन राहिलो तर वरून पेट्रोल कायले? बनवणाऱ्याले अक्कल नाही. पेट्रोलची नळी मी जोडलीच नाही. तोंडाला बूच मारलं आणि दोन्ही जेट डबीत टाकून दिले.

बालाघाट रोडवर आपण दोनदा बटण दाबून पाहिलं. पाच मोजेपर्यंत. गाडी अशी सुटली की मागच्या सीटवर बसलेली आचल ओरडली, "बाबा, बैल उधळला!" घरी येईपर्यंत हसत होती. दाबणं थोडं होतं म्हणून इंजिन वाचलं. मी समजलो माझी कारागिरी.

महाशिवरात्रीला तुम्ही दोघं प्रतापगडच्या यात्रेला निघाले. मंजूला सर्दी होती म्हणून आमच्याजवळ ठेवली. कोहमाऱ्याच्या पुढे तुम्ही धानाचा ट्रक ओलांडायला घेतला, बटण दाबून धरलं, आणि ट्रकच्या बरोबरीत आल्यावर गाडी मेली. समोरून बस आली. पुढचं मी लिहीत नाही.

दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणाले, "मामाजी, माझा गिअर चुकला." मी म्हटलं, "होते." तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं. एवढं माझ्या बाजूनं धरा, याच्यापुढे धरायला काही नाही.

तेरवी झाल्यावर पोलिसांनी गाडीचा सांगाडा सोडला. मी गॅरेजमध्ये ओढून आणला. कशाला आणला ते मलाही सांगता येणार नाही, हाताला सवय म्हणून आणला. आधी गिअरबॉक्स खोलला. गिअर चौथ्यातच होता, जिथे असायला पाहिजे तिथेच. मग इंजिनचं हेड उचललं. तिसऱ्या पिस्टनला वरून भोक, बोट आत जाईल एवढं. कडा मेणासारख्या वितळलेल्या. चाळीस वर्षांत असा पिस्टन पाहिला नव्हता.

तो इंग्रजी कागद घेऊन शेजारच्या चेतनाकडे गेलो. ती पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. तिनं वाचला, परत वाचला.

"काका, पेट्रोलची नळी जोडली होती ना?"

"नाही जोडली. गॅस जात होती न आत."

"काका, हा जळणारा गॅस नाही. हा स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. याच्यासोबत जास्तीचं पेट्रोल गेलंच पाहिजे. नाही तर..." तिनं कागद खाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही लोखंड कापता न, तो टॉर्च आठवा."

आठवला. ज्योत लाल असते तोवर लोखंड नुसतं तापते. ऑक्सिजनची खिट्टी दाबली की तेच लोखंड पाण्यासारखं वाहते. हे मी माझ्या हातानं रोज करतो. रोज. आणि तीच खिट्टी माझ्या पोरीच्या गाडीत बसवून दिली, बटण तुमच्या बोटाखाली.

चेतनाला मी म्हटलं, कोणाला सांगू नको. तिनं सांगितलं नाही. पण तेव्हापासून ती रस्त्यात भेटली की बाजूनं जाते.

आता अखजीचं, अक्षय तृतीयेच्या दिवसाचं सांगतो. त्याच्याच साठी हे पत्र आहे, बाकी सगळं यंत्राचं आहे. आम्ही पोरीच्या नावानं पान वाढलं होतं. तुम्ही गळ्यात हात बांधून अंगणात आले. तुमची सासू ओसरीतून म्हणाली, "माझी पोर खाल्ली, आता जेवाले आला का?" तुम्ही चप्पल काढली होती ती परत घातली. मी पानासमोर बसलो होतो. मला सगळं माहीत होतं, दीड महिना झाला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी पानावरची माशी हाकलली. तुम्ही उपाशी गेले.

लाज वाटली असती तर बरं होतं. काहीच वाटलं नाही. मी जेवलो.

काऊन नाही बोललो, असं तुम्ही विचाराल. जेलची भीती म्हणाल तर तेवढी नव्हती. सगळं गाव मला हात जोडत होतं, पोर गेलेला बाप म्हणून. त्या जागेवरून उठावं वाटलं नाही. तुमच्या लग्नात मी याच हातानं तुमचे पाय धुतले, आणि माझं पाप उचलायला तुम्हालाच उभं केलं.

मागच्या रविवारी देवकाबाईंनी कोर्टाचं सांगितलं. घरी येऊन मी तुमच्या सासूला, शामकलाला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत निवडतच राहिली. मग विचारलं, "अखजीले तो उपाशी गेला, तवा तुमाले माहीत होतं?"

"होतं."

सूप बाजूला ठेवून उठली. तेव्हापासून जेवायला वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. काल मात्र देवकाबाईंना फोन लावून बसली होती. नुसती रडली. तिकडे देवकाबाईही फोन धरून होत्या.

पिस्टन, ती बूच मारलेली नळी, डबीतले जेट आणि चेतनाकडून मराठीत लिहून घेतलेला कागद मी तुमच्या वकिलाकडे देऊन आलो. लिहून दिलं, सही केली. तो म्हणाला, मिस्त्री, तुमच्यावर बेतेल. म्हटलं, बेतू द्या. चार तारखेला मी कोर्टात उभा राहीन. तुम्ही फक्त जेवढं खरं तेवढं सांगा, की बटण दाबलं आणि गाडी मेली. माझं म्हणून एक अक्षर लपवू नका.

माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं ओझंही तुमच्यावरच यायचं. मंजूला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. ती मोठी झाल्यावर मी असलो तर मी सांगीन.

उत्तर लवकर लिहा, चार तारखेच्या आत. नुसतं "पत्र मिळालं" एवढं लिहिलं तरी पुरे. वरती मामाजी लिहायचं का नाही, ते तुमच्यावर सोडतो.

आचलचा बाप,
खुशाल