हवालदार रखमाजी खरात, पूर्ण शुद्धीत

मी, निवृत्त हवालदार रखमाजी भिवाजी खरात, वय वर्षे चोपन्न, राहणार वाटूर, तालुका परतूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल शंका असणाऱ्याने पुढे वाचावे.

१. राहते घर पत्नी साळूबाई हिचे. ती हयात असेपर्यंत तिला कोणी 'जरा सरक' म्हणू नये. पासष्टच्या लढाईनंतर माझी झोप गेली. हात थरथरत, भांडे पडले तरी मी जमिनीवर आडवा होई. लष्करी इस्पितळात मानसिक रोग्यांच्या वॉर्डात मला ठेवले. गावात घरच्यांनी पोटाचे दुखणे सांगितले. ही मात्र परतूरहून एकटी रेल्वेत बसून भेटायला आली. मी बरा झालो, पलटणीत परतलो. हवालदारी मला त्यानंतर मिळाली, हे ध्यानात घ्यावे.

२. शेत मुलगा संपत व मुलगी बेबीनंदा यांना निम्मे-निम्मे. मुलीला कशाला, असे माझा चुलतभाऊ भुजंग विचारील. त्याने गप्प बसावे. बेबीनंदाचे लग्न ठरवायच्या बैठकीत तोच उठून म्हणाला होता, "पोरीचा बाप येड्याच्या दवाखान्यात व्हता. इचारा त्याला!"

मी उभा राहिलो. "व्हतो. लढाईत मनाला मार लागला, डॉक्टरनं बरा केला. पायाला गोळी लागली असती तर लपवली असती का?"

नवरा मुलगा धर्मराज स्वतः फौजी. त्याची आई तुळजाबाई डोळे पुसत म्हणाली, "माझ्या भावाला असंच झाल्तं. आम्ही झाकून ठिवलं, अन् तो हातचा गेला. ह्यांनी चारचौघांत सांगितलं. मला हीच सोयरीक पाहिजे. बिलकुल हीच!"

लग्न थाटात झाले.

३. फाट्यावरची माझी खोली जावई धर्मराज याने सांभाळावी. रजेवर आलेल्या, झोप उडालेल्या कोणत्याही जवानाला तिथे उतरू द्यावे, चहा द्यावा, दवाखान्यात सोबत जावे. धर्मराजच्या तुकडीतला एक जवान यंदा आपणहून डॉक्टरकडे गेला. बरा होऊन कवायतीला उभा राहिला, आणि कोणी हसले नाही. हे कळले त्या दिवशी मी आळीभर पेढे वाटले.

४. भुजंगवर माझा राग आहे. माझ्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्याला बोलवावे, पोटभर वाढावे, पण पहिल्या पंगतीत नको.

५. त्या दिवशी कोणी माझ्याबद्दल बोललेच, तर लढाई सांगावी, तिथे मिळालेले पदक सांगावे, आणि वॉर्डातून बरा होऊन पलटणीत परत गेलो हेही सांगावे. दबक्या आवाजात नको. पार मागे बसलेल्या बायकांनाही ऐकू गेले पाहिजे.

वाचून, समजून सही केली.

रखमाजी भिवाजी खरात
वाटूर, ता. ११ डिसेंबर १९७७

आमच्यासमक्ष सही झाली :
१. सर्जेराव माणिकराव, शिक्षक
२. गोजरबाई, शेजारीण (डाव्या अंगठ्याची निशाणी)